पैठणच्या तारेतलं कार्ड

माझे वडील पोस्टमन होते. औरंगाबादेत टपाल वाटता वाटता त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, असं ते सांगायचे. ते खरंही असावं. बाजारात एखादा माणूस समोरून आला की ते मला हळूच म्हणायचे, "हा बेगमपुऱ्याचा. याच्या भावाचं पत्र गुलबर्ग्याहून येतं." पत्त्यावर नुसतं नाव असलं आणि त्या नावाची तीन माणसं असली, तरी पत्र बरोबर त्याच दारात पडायचं. पोस्टमास्तर अडलेली पत्रं त्यांच्यापुढं ठेवायचे. गल्लीतली माणसं त्यांना अदबीनं सलाम करायची. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी मी इंटरच्या वर्गात होतो. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. अर्थात ती शेवटची आहेत हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. घरी मराठी, गल्लीत दखनी आणि कॉलेजात सगळं शिक्षण उर्दूतून. मी इतिहास घेतला, मंतिक म्हणजे तर्कशास्त्र घेतलं, आणि तिसरा विषय घेतला नफ्सियात. मानसशास्त्राला तिथं हा शब्द होता. घेण्याचं कारण एवढंच की दुसरा पर्याय फारसीचा होता आणि फारसीच्या मौलवीसाहेबांची मला भीती वाटायची.

"त्यात काय शिकवतेत?" वडिलांनी विचारलं.

"मन कसं चालतं, ते."

"मग त्याला नोकरी कुठं लागती?"

मी पुस्तक उघडून बसलो. वडिलांनीही पुन्हा विचारलं नाही.

नफ्सियात शिकवायला हैदराबादहून नवे सर आले होते. तिशीच्या आतले, सडपातळ, शेरवानीची वरची दोन बटणं कायम उघडी. पहिल्याच तासाला एका मुलानं विचारलं, "सर, आपल्याला दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं का?" सर म्हणाले, "नाही. तुम्हालाही येणार नाही. येतं असं जे तुम्हाला वाटतं ना, ते या दोन वर्षांत थोडं कमी झालं तरी पुष्कळ झालं."

त्यांनी प्रत्येकाला एक वही करायला लावली. पानाच्या मधोमध उभी रेघ. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून उजव्या बाजूला पहिला रकाना, 'देखा'. डावीकडे दुसरा, 'समझा'. जे डोळ्यांनी पाहिलं ते एकीकडे, त्यावरून जे वाटलं ते दुसरीकडे. ऐकायला सोपं होतं. मी पहिल्याच दिवशी 'देखा'च्या खाली लिहिलं, चपराशी रागात होता. सरांनी लाल पेन्सिलीनं ते खोडलं. "राग कसा असतो दिसायला? काय पाहिलंत?" मी म्हटलं, त्यानं दार आपटलं. "आपटलं, की आपटलं गेलं? वारा होता का?" वर्ग हसला. मीही हसलो. वारा होता की नव्हता ते मला सांगता येईना, पण त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

थंडीत आमच्या घरापासून जवळच्याच एका बोळात आग लागली. तिथं हिमरू हे नक्षीचं भारी कापड विणणाऱ्या एका कारखानदाराचं सुताचं कोठार होतं. संध्याकाळची डाक वाटून वडील त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी पोचले होते. दिवेलागण झाली नव्हती, पण उजेड उतरला होता. धूर दिसला, ओरडा झाला, आणि एक माणूस बोळातून पळत बाहेर पडून त्यांच्या जवळून गेला. ते घरी आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना जळक्या सुताचा वास येत होता. आईनं पाणी दिलं. त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं, आणि मग नेहमीप्रमाणे पैठणला आपल्या थोरल्या भावाला कार्ड लिहायला बसले. घरात काही झालं की ते काकांना कळवायचेच. दर आठवड्याला एक तरी कार्ड जायचं.

चौथ्या दिवशी कोतवालीतून अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. आमच्या ओसरीवर बसले. मी चहा घेऊन गेलो आणि तिथंच उभा राहिलो. त्या बोळात राहणाऱ्या एका रंगाऱ्याला त्यांनी आदल्या दिवशीच धरलं होतं. हा रंगारी पूर्वी त्या कारखान्याचं सूत रंगवायचा. रंग धुण्यात जातो म्हणून मालकानं त्याचं काम बंद केलं होतं आणि त्यावरून भर बाजारात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं होतं.

अमीनसाहेबांनी विचारलं, "पळणाऱ्याचे हात पाहिले असतील? कोपरापर्यंत निळे होते का?"

वडिलांनी जरा वेळ आठवलं. "असतील," ते म्हणाले.

अमीनसाहेबांनी लिहून घेतलं. पुढं महिनाभर येणारा-जाणारा प्रत्येक जण वडिलांना तो प्रसंग विचारायचा. वडीलही सांगायचे. आधी हात निळे असतील असं होतं. मग निळे होते असं झालं. मग कोपरापर्यंत निळे, आणि डाव्या हातावर जरा जास्त. शेवटी चेहरासुद्धा आला. "व्हय, त्योच होता. माझ्या अंगावरून गेला. मी त्याला वीस वर्षं वळखतो." कोतवालीत बोलावून शपथेवर जबाब घेतला, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. हे मी दहा-बारा वेळा ऐकलं असेल. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या कपाटात 'देखा' आणि 'समझा'ची वही होती, तरी वाटलं नाही. आज याचंच मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

मग तो तास आला. सर शिकवत असताना एक अनोळखी माणूस दारात आला. पुतण्याच्या दाखल्याचं काम आहे, कचेरी कुठं, असं त्यानं विचारलं. सर त्याच्याशी दोन मिनिटं बोलले, तो गेला, तास पुढं चालू झाला. आठ दिवसांनी सरांनी प्रत्येकाला प्रश्नांचा कागद दिला. माणसाचं वय किती? पायांत काय होतं? काय म्हणाला? त्यात एक प्रश्न असा होता: त्याची छत्री कोणत्या हातात होती आणि ती कशी होती?

मला सगळं लख्ख आठवत होतं. मी पोस्टमनचा मुलगा. उजव्या हातात, मी लिहिलं. काळी छत्री, वाकड्या मुठीची, एक काडी मोडून कापडाबाहेर आलेली.

सरांनी कागद गोळा केले आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना बोलावलं. प्रिन्सिपॉलांच्या कपाटात आठ दिवसांपूर्वी लाख लावून ठेवलेला एक लिफाफा होता. तो त्यांनी सर्वांसमोर फोडून वाचला. आत त्या माणसाचं सगळं वर्णन होतं, तो वर्गात येण्याच्या आधी लिहिलेलं. त्याच्याजवळ छत्री नव्हती. कापडाची एक पिशवी होती. मग तो माणूसच आत आला. तो सरांच्या शेजारी राहणारा, पुस्तकं बांधणारा जिल्दसाज होता. "मी उभ्या जन्मात छत्री घेतली नाही," तो म्हणाला.

एका मुलानं 'छत्री आठवत नाही' असं लिहिलं होतं. बाकी जवळजवळ सगळ्यांनी छत्री पाहिली होती. पण मोडलेली काडी फक्त मी पाहिली होती. सरांनी नाव न घेता माझा कागद वाचून दाखवला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, छत्री होती."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत.

"अजून दिसते?"

"जी. दिसते."

"दिसतच राहील," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. मी खोटं बोललो नव्हतो. कोणी मला शिकवलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. एका प्रश्नातून छत्री माझ्या डोक्यात शिरली होती आणि तिची काडी मी स्वतः मोडली होती. तास संपला, मुलं पांगली, मी बाकावरच होतो. आणि तिथं बसल्या बसल्या मला आमच्या ओसरीवरचे अमीनसाहेब आठवले. कोपरापर्यंत निळे होते का? असतील.

अदालतीची तारीख पंधरा दिवसांवर होती आणि वडिलांच्या साक्षीवाचून रंगाऱ्याविरुद्ध दुसरा काही पुरावा नव्हता.

मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पहिल्या संध्याकाळी तुमचे वडील निळ्या हातांचं बोलले नव्हते, असं तुम्ही म्हणता. हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी तिथं होतो, सर. मला आठवतं."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तासाभरापूर्वी मला छत्रीही आठवत होती.

"त्या दिवशीचं काही लिहिलेलं आहे?" त्यांनी विचारलं. "पोलीस येण्याच्या आधीचं?"

तेव्हा मला ते कार्ड आठवलं.

दुसऱ्या दिवशी घरी काही न सांगता मी पैठणची मोटार धरली. काका गोदावरीच्या घाटाजवळ राहायचे. मला असा अचानक आलेला पाहून ते घाबरलेच. "घरी समदं ठीक हाय ना?" मी म्हटलं, ठीक आहे, एक कार्ड पाहायचंय. काका आलेलं प्रत्येक पत्र एका लांब तारेला टोचून ठेवायचे. भिंतीवर वर्षावर्षाच्या अशा तारा लटकत होत्या. आम्ही शेवटची तार खाली उतरवली. वरची कार्डं काढत काढत खाली गेलो. शिक्क्यावरची तारीख मी आधी पाहिली. आगीच्या दुसऱ्या दिवशीचा शिक्का होता. वडिलांचं अक्षर, निळी शाई, मधोमध तारेचं भोक.

त्यात लिहिलं होतं: आज शेजारच्या बोळात आग लागली. मोठं नुकसान झालं. एक इसम माझ्या जवळून पळाला पण धुरामुळं व पाठमोरा असल्यामुळं कोण ते वळखू आलं नाही. अंगावर घोंगडी होती. चि. चा अभ्यास चालू आहे.

अंगावर घोंगडी होती. मग हात कुठून दिसणार? मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं होतं कार्डात निळे हात नसतील, एवढंच. घोंगडीची मला कल्पनाच नव्हती. त्या संध्याकाळी मी वडिलांसमोर बसून सगळं ऐकलं होतं, आणि घोंगडी माझ्याही डोक्यातून साफ गेली होती. आजपर्यंत ती मला आठवलेली नाही.

"काय झालं रे?" काका विचारत होते. मी म्हटलं, हे कार्ड मी नेतो.

घरी आलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. वडील जेवून पानाला चुना लावत होते. मी कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांना आधी वाटलं, डाकेतलं काही आणलंय. मग त्यांनी आपलं अक्षर ओळखलं. वाचलं. पान तसंच तळहातावर राहिलं.

"हे कुठून आणलंस?"

"काकांकडून. दादा, हे तुम्ही त्याच रात्री लिहिलं होतं."

"अक्षर माझंच हाय," ते म्हणाले. पुन्हा वाचलं. मग डोळे मिटले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. वडिलांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला होता. एखाद्याच्या पायाखालची पायरी निघून जावी तसा.

"मला निळे हात दिसतेत," ते म्हणाले. "आत्ता दिसले. घोंगडी दिसतच नाय. मग हे कुणी लिवलं?"

मी त्यांना छत्रीची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, त्यामुळं त्यांना धीर येईल. सगळ्यांचंच असं होतं, तुमचा काही दोष नाही. पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आणखीच उतरत गेला. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजे मी त्या माणसाला फासात घातला असता."

तारखेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. न्यायाधीशांना तिथं नाजिमसाहेब म्हणत. वडिलांनी ठेवणीतला कोट घातला होता. सरकारी वकिलानं विचारलं, पळणारा माणूस या अदालतीत हजर आहे का? वडील म्हणाले, "मला सांगता येत नाही." वकिलाला वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं. वडिलांनी पुन्हा तेच सांगितलं आणि खिशातून कार्ड काढलं.

त्यावर जी गडबड झाली ती मी विसरणार नाही. वकील ओरडला, की साक्षीदार फितवला गेलाय. नाजिमसाहेबांनी विचारलं, "पोलिसांपुढं तुम्ही शपथेवर सांगितलंत की तुम्ही याला ओळखलं. ते खोटं होतं?"

"नाही हुजूर. तेव्हा मला तसंच दिसत होतं."

"आणि आता?"

"आताबी तसंच दिसतंय. पण ते खरं नसंल."

मागं कोणीतरी हसलं. नाजिमसाहेब मात्र बराच वेळ कार्डाकडे पाहत होते. त्यांनी पोस्टाचा शिक्का दोनदा तपासला. वडिलांना त्यांनी कडक शब्दांत सुनावलं, पण कार्ड दप्तरी लावून घेतलं. पुढल्या तारखेला रंगारी सुटला.

मला वाटलं होतं, इथं गोष्ट संपेल. सुटल्यावर चार दिवसांनी रंगारी आमच्या दारात आला. हात खरोखरच कोपरापर्यंत निळे होते. मी दार उघडलं तेव्हा मला आधी तेच दिसले. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पोस्टमनसाब, एकच बात पूछने आया," तो म्हणाला. "गल्ली में लोगां बोलते, पोस्टमन ने तुझपे रहम खाया. तुम सबके सामने बोलो, मै नै था करके."

वडील उठून दाराशी गेले. "मी रहम नाय खाल्ला," ते म्हणाले.

"तो बोलो ना, मै नै था."

वडील बोलेनात. मी मागं उभा होतो. बोला, बोला, असं मनात म्हणत होतो. एवढं म्हणायला काय जातं? शेवटी वडील म्हणाले, "मला ठाऊक नाय रे. तू होतास का नव्हतास, मला ठाऊक नाय. माफ कर."

रंगाऱ्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्याला पुन्हा धरलं होतं. मग तो वळला. पुढं त्या गल्लीत त्याला कोणी काम दिलं नाही. उन्हाळ्यात तो बायकामुलांना घेऊन करमाडकडे निघून गेला. आग कोणी लावली ते कधीच उघड झालं नाही. मलाही ठाऊक नाही, आणि अंदाज करायचं मी सोडून दिलं आहे.

हे सगळं मी सरांना सांगितलं. ते खुश होतील असं वाटलं होतं. त्यांचा धडा एका माणसाच्या कामी आला होता. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "मला हे वर्गात करण्याआधी विचार करायला हवा होता," ते म्हणाले. "मुलं घरी काय घेऊन जातील याचा." मग त्यांनीच मला विचारलं, पुढं काय करणार. मी म्हटलं, आता हा विषय सोडावा असं वाटतं. त्यांनी आग्रह केला नाही. म्हणाले, की शाळांत, इस्पितळांत, उद्या अदालतींतही हे काम जाणणारी माणसं लागतील. आणि ज्यांना याची भीती वाटते तीच बरी. मी इंटर झालो आणि त्याच विषयासाठी हैदराबादला गेलो. पुढं तीस वर्षं तो शिकवला. पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर असा माणूस मीही आणत असे, पण आधी त्यांना सांगून, की येत्या महिन्यात कधीतरी मी तुम्हाला फसवणार आहे. तरीही ती फसत. तास झाल्यावर मी वर्गातच बसून राहायचो, कोणी मागं रेंगाळतंय का ते पाहत.

वडिलांवर मात्र या सगळ्याचा असा परिणाम झाला, ज्याचा मी स्वप्नातही विचार केला नव्हता. ते पत्र देण्याआधी नाव विचारू लागले. वीस वर्षं ज्यांच्या ओट्यावर पाणी प्यायले, त्यांनाही विचारायचे, "आपलं नाव?" लोक आधी हसले, मग चिडले. एका म्हातारीनं रडत आईला येऊन सांगितलं, की पोस्टमन मला विसरला. ते विसरले नव्हते. त्यांना फक्त आपल्या ओळखण्यावर भरवसा उरला नव्हता.

वर्षाच्या आत त्यांनी स्वतःच अर्ज करून वाटपाचं काम सोडलं आणि डाकखान्यात आतल्या खोलीत पत्रं वेगळी करायच्या टेबलावर बसू लागले. तिथं नुसते पत्ते होते. आई म्हणायची, तिथं ते बरे राहिले. निवृत्त होईपर्यंत ते त्याच टेबलावर होते. सुट्टीत आलो की मी स्टेशनवरून आधी डाकखान्यात जायचो आणि जाळीच्या खिडकीपाशी उभा राहायचो. ते मान वर करायचे, माझ्याकडे पाहायचे, आणि हसू यायच्या आधी क्षणभर थांबायचे. हे थांबणं त्या खटल्याच्या आधीही होतं का, ते मला सांगता येणार नाही.